वाट पाहणारा वडा

सकाळच्या पहिल्या खाण्याला मराठीत नावे पुष्कळ. शेतावर जाणारा न्याहारी करतो, शहरातला माणूस नाश्ता करतो, लग्नाच्या पत्रिकेत अल्पोपाहार असतो आणि सभेच्या इतिवृत्तात उपाहार. यांपैकी 'नाश्ता' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. तिकडे त्याचा मूळ अर्थ अगदी उलटा, म्हणजे 'सकाळपासून काही न खाल्लेला' असा आहे. उपाशी असण्याला जो शब्द होता, त्यानेच पुढे उपास मोडणाऱ्या खाण्याचे नाव घ्यावे, हा भाषेचा एक गमतीचा व्यवहार. पण आमच्या वेळणेश्वराहून पहिल्या एस.टी.ने शाळा-कॉलेजाला आणि कचेरीला निघणाऱ्या मंडळींकडे पाहिले की वाटते, फारसी बोलणाऱ्यांचेच बरोबर होते. यांतली बरीच मंडळी त्या मूळ अर्थानेच 'नाश्ता' असतात.

वेळणेश्वर पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल ते सुट्टीतले. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातले हे गाव. समुद्राला लागून शंकराचे देऊळ, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, पुढे चंद्रकोरीसारखा किनारा. वेळणकर हे आडनाव याच गावचे. मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, दोन दिवस राहतात, आणि सकाळी केळीच्या पानावर गरमागरम घावन व ओल्या खोबऱ्याची चटणी खाऊन 'काय हो तुमची मजा! रोज असे खायला मिळते!' असे म्हणून जातात. त्यांना आम्ही हसून 'हो' म्हणतो. पाहुण्यांचा हिरमोड करू नये. खरी गोष्ट अशी आहे की, ते ज्या सकाळी घावन खात असतात, त्याच सकाळी आमच्या गावातली नोकरदार आणि विद्यार्थी मंडळी तिठ्यावर उभी राहून वडापाव खात असतात.

आमच्या घरची परंपरागत न्याहारी म्हणजे मऊभात. कोणी त्याला गुरगुट्या भात म्हणतात. नुसत्या वर्णनाने त्याची थोरवी पटायची नाही. तांदूळ नवा असावा, पाणी भरपूर असावे, आणि भात चुलीवर सावकाश गुरगुरत शिजावा, इतका की शीत आणि पाणी ही दोन्ही एकमेकांत विरघळून जावीत. वर लोणकढे तूप, चमचाभर मेतकूट, बाजूला मुरलेले लिंबाचे लोणचे, आणि कोणी लाड करणारे असेल तर भाजलेला पोह्याचा पापड. पावसाळ्यात दाराबाहेर सारखी धार लागलेली असावी आणि आत वाटीतून वाफ निघत असावी. ज्याने हे खाल्ले त्याला दुपारी एकपर्यंत भूक म्हणून लागत नाही. कुणबीवाड्यांत याच जागी उकड्या तांदळाची पेज असे, किंवा नाचणीची भाकरी आणि वर सुकटाची चटणी. उन्हातान्हात नांगर धरणाऱ्याला ते अन्न पुरत असे. नाचणीला एके काळी गरिबांचे धान्य म्हणून नाक मुरडणारे लोक आज तिचेच बिस्किट शहरातून विकत आणतात. शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, हे त्यांना डॉक्टरने सांगितलेले असते. २०२३ हे साल तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. नाचणीच्या वाट्याला एवढा मान प्रथमच आला असेल.

पण या साऱ्या न्याहाऱ्यांत एक मोठी अडचण आहे. त्या थांबत नाहीत. मऊभात अर्धा तास राहिला की खळ होतो. घावन तव्यावरून पानात आला नाही तर चामड्यासारखा होतो. भाकरी गारठली की ती मोडायला दात आणि धीर दोन्ही लागतात. म्हणजे माणूस जेवायला बसलेला असावा आणि कोणीतरी चुलीपाशी उभे असावे, असा या न्याहारीचा मुळातला करार आहे. ते 'कोणीतरी' कोण, हे सांगायला नको.

आता एस.टी.चा विचार करा. कोकणात 'वस्तीची गाडी' म्हणून एक संस्था आहे. रात्री आगारातून निघालेली शेवटची गाडी शेवटच्या गावी मुक्काम करते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच पथारी टाकतात आणि पहाटे तीच गाडी पहिली म्हणून परत निघते. घड्याळापेक्षा या गाडीच्या भोंग्यावर गावाचा अधिक विश्वास. मी ज्या महाविद्यालयात मराठी शिकवते, तिथे पहिला तास सकाळी पावणेआठला असतो. गाडी सव्वासहाला. त्या आधी अंघोळ, डबा, देवाचा दिवा, मुलाचा गणवेश. मऊभात साधायचा तर साडेचारला उठणे आले. तो वगळला तर सव्वापाचला उठून भागते. मधली पाऊण तासाची झोप ही काय चीज आहे, हे ज्यांनी वीस वर्षे पहाटे कूकरच्या शिट्या मोजल्या आहेत त्यांनाच कळेल.

तेव्हा मी ठरवले की, आपण वाटेत खावे. गाडी गुहागरकडे जाताना एका तिठ्यावर पाच-सात मिनिटे थांबते. तिथे एक टपरी आहे. सगळे जण खातात, आपणही खाऊन पाहू.

सासूबाईंनी हे ऐकले आणि जपमाळ थांबवली. "पाव? सकाळच्या पारी? अंघोळ करून पाव खायचा?"

त्यांचे वय शहात्तर. त्यांच्या पिढीला पावाचा संशय फार. पाव पायाने मळतात, असे त्यांनी लहानपणी ऐकलेले. शिवाय विहिरीत पाव टाकून सबंध आळीच्या आळी बाटवल्याच्या कथा कोकणपट्टीत घरोघर सांगितल्या जात. त्यात भर म्हणून गोव्याकडचे पोदेर पीठ फुगवायला माडी घालीत, ही गोष्ट तर खरीच होती. असा तिहेरी आरोप असलेला पदार्थ सुनेने उभ्याने, रस्त्यात, परपुरुषांच्या घोळक्यात खायचा, हे त्यांच्या गळी उतरणे कठीण होते. मी म्हटले, "आई, एक महिना खाऊन बघते. नाही जमले तर पुन्हा आपला मऊभात आहेच." एक अट मात्र मी त्याच वेळी घातली. माझी पाऊण तासाची चूल सासूबाईंच्या गळ्यात पडता कामा नये. घरी राहणाऱ्यांचा भात घरी राहणाऱ्यांनी करावा. आमच्या यजमानांची पोफळीची वाडी घराला लागूनच आहे. त्यांना गाडी गाठायची नसते. त्यांनी मान डोलावली. त्या महिन्यात आमच्या घरी जो भात झाला तो कधी मोकळा, कधी करपलेला, आणि दोन वेळा तर कपड्यांना चालेल अशी खळ. पण तो सासूबाईंनी केला नाही, एवढे खरे.

आता टपरीकडे येऊ.

पत्र्याचे छप्पर, तीन बाजूंना निळे ताडपत्री कापड, मध्ये गॅसची शेगडी आणि तीवर भलीमोठी कढई. चालवणाऱ्या बाईंना सगळे 'वहिनी' म्हणतात. वहिनींचा दिवस तीनला सुरू होतो. बटाटे उकडायचे, सोलायचे, कुस्करायचे. आले, लसूण, हिरवी मिरची यांचे वाटण, वर मोहरी, हिंग, हळद यांची फोडणी आणि मूठभर कोथिंबीर. त्याचे गोळे करून परातीत रांगेने मांडायचे. पावाची लादी आदल्या संध्याकाळी बेकरीचा माणूस मोटरसायकलवरून टाकून जातो. पावणेसहाला पहिला घाणा, सहाला दुसरा, आणि गाडीचे दिवे वळणावर दिसले की तिसरा. वहिनी घड्याळ वापरत नाहीत. त्यांचे वेळापत्रक म्हणजे एस.टी.चे वेळापत्रक. गाडी दहा मिनिटे उशिरा आली तर तिसरा घाणा दहा मिनिटे उशिरा पडतो.

गाडी थांबली की पुढली पाच मिनिटे पाहण्यासारखी असतात. एका हाताने पाव मधोमध फाडायचा, दुसऱ्याने लाल सुकी चटणी भुरभुरायची, वडा ठेवून दाबायचा, वर तळलेली खारवलेली मिरची. चाळीसेक माणसांचे खाणे होते आणि कोणाचा पैसा चुकत नाही. पैसेही आता कोणी हातात देत नाही. खांबाला काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या नक्षीची एक पाटी टांगली आहे; तिच्यावर मोबाइल धरला की पैसे पोचल्याचे एक बाई आतून खणखणीत आवाजात सांगते. शाळेची पोरे वड्याबरोबर कढईतला पिठाचा 'चुरा' मागून घेतात. त्याला पैसे नाहीत.

चव? ती सांगायलाच हवी. पावसात भिजत उभे असताना, गरम वड्याचा पहिला घास, आतला बटाटा जिभेला किंचित भाजतो, लसणीची चटणी नाकात जाते, आणि पावाचा मऊपणा त्या सगळ्याला आवरून धरतो. मी आठवडाभर स्वतःशी प्रामाणिक विचार केला आणि मान्य केले की हा पदार्थ थोर आहे. दर मात्र साधा. पंधरा रुपये. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना तिकीट अर्धे झाले, तेव्हा गाडीतल्या एका शिक्षिकाबाई म्हणाल्या होत्या, "सरकारने आमचा वडापाव फुकट केला." हिशेब अगदीच चुकीचा नव्हता.

हा वडापाव आमच्या रस्त्यावर आला कोठून? तो मुंबईहून आला, आणि आमच्याच माणसांच्या हातून आला. बटाटेवडा जुना, दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० पासूनचे, तिथला बटाटेवडा पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेला. पण बशीत चटणीबरोबर खायचा वडा पावात घालून माणसाच्या हातात देण्याचे श्रेय सामान्यतः अशोक वैद्य यांना दिले जाते. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर त्यांनी ती गाडी लावली. स्टेशनावरून परळ-लालबागच्या गिरण्यांकडे धावणारा माणूस हे त्यांचे गिऱ्हाईक. आणि हा गिरणीतला माणूस फार मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातला. गावी बायकापोरे ठेवून तो मुंबईत एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर पाळीपाळीने झोपे आणि खानावळवाल्या बाईकडे जेवे. या खानावळ चालवणाऱ्या बायकांचे कष्ट इतके अदृश्य होते की, त्यांना कोठली बँक कर्ज देत नसे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले ते याच बायकांना घेऊन. दोन वेळचे जेवण खानावळीत. पण सकाळी पाळीला धावताना हातात काय? तिथे वड्याने जागा पटकावली.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतल्या असंख्यांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. काहींनी मुंबईतच वडापावच्या गाड्या लावल्या. काही गावी परतले. आमच्या तिठ्यावरच्या वहिनींचे सासरे त्या परतलेल्यांपैकी. साच्यावर काम करणारा माणूस. गावी येऊन भातशेती करायला जमीन नावापुरती. त्यांनी मुंबईत जो पदार्थ वर्षानुवर्षे विकत खाल्ला होता तोच विकायला सुरुवात केली. तेव्हा गावात कोणाला घाई नव्हती, वडेही दिवसाला वीस-पंचवीसच खपत, असे वहिनी सांगतात. घाई मागाहून आली. नोकऱ्या आल्या, कॉलेजे आली, मुली शिकू लागल्या, आणि पहिल्या गाडीला उभे राहायला जागा मिळेनाशी झाली.

अमेरिकेत हीच गोष्ट निराळ्या रीतीने घडली. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावी १९४८ साली मॅकडॉनल्ड बंधूंनी आपल्या चालत्या उपाहारगृहातले बहुतेक पदार्थ काढून टाकले, मोजकेच ठेवले आणि स्वयंपाकघराचा कारखाना केला. एकाने भाजायचे, दुसऱ्याने बांधायचे, तिसऱ्याने द्यायचे. सकाळच्या घाईकडे त्या कंपनीचे लक्ष गेले ते १९७२ च्या सुमारास, हर्ब पीटरसन नावाच्या सांता बार्बराच्या एका दुकानचालकाने अंडे घातलेला गोल पाव करून दाखवला तेव्हा. हे दुकान हिंदुस्थानात आले १९९६ साली. तोपर्यंत आपला वडा तीस वर्षांचा झाला होता. मात्र मला यात जुने-नवे याहून दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिकडची घाई श्रमविभागणीने साधली. वहिनींच्या टपरीत श्रमाची विभागणी नाही. सोलणाऱ्या त्याच, तळणाऱ्या त्याच, देणाऱ्याही त्याच. तिथे घाई साधते ती गिऱ्हाइकाच्या आधी तीन तास उठून.

एकदा मी त्यांना विचारले, "वहिनी, घावन का नाही ठेवत? चार लोक आनंदाने खातील."

त्या झारा निथळत म्हणाल्या, "मॅडम, घावन थांबत नाय. वडा थांबतो."

मी वर्गात अलंकारांवर तास घेते, पण एवढ्या थोडक्यात एवढे मोठे विधान मला कधी करता आलेले नाही. जलद खाणे म्हणजे जलद होणारे खाणे, अशी आपली समजूत असते. वडा करायला तीन तास लागतात. घावन दोन मिनिटांत होतो. जलद खाणे म्हणजे वाट पाहू शकणारे खाणे. घरच्या न्याहारीत पदार्थ आयत्या वेळचा असतो आणि त्यासाठी एक माणूस खोळंबून राहते. रस्त्यावर पदार्थ खोळंबतो आणि माणसे सुटतात. निदान खाणारी माणसे.

आमच्या पूर्वजांनाही हे ठाऊक होते. पोहे हा याच जातीचा पदार्थ. भात भिजवून, भाजून, कांडून एकदा घरात भरून ठेवला की वर्षभर त्याला चूलही लागत नाही. सुदाम्याने कृष्णाकडे जाताना फडक्यात पोहेच का बांधले, याचे उत्तर भक्तीत आहे तितकेच प्रवासात आहे. आमच्याकडचे दडपे पोहे तर या कलेचा कळस. पातळ पोहे, ओले खोबरे, नारळाचे पाणी, कांदा, मिरची, लिंबू. वर फोडणी ओतायची, झाकण ठेवून दडपायचे आणि निघून जायचे. आपण अंघोळीला गेलो तरी ते आपापले मुरत बसतात.

आता वड्याची दुसरी बाजू. माझ्या डोळ्यांसमोर रोज तीच लाल चटणी येत असल्याने मी एकदा गाडीत बसल्या बसल्या तिच्या सगळ्या गोतावळ्याची कुळे काढली. 'वडा' हा संस्कृत वटकाचा वंशज. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात वड्यांचे प्रकार आहेत. 'पाव' पोर्तुगीज. 'बटाटा' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे उतरलेला. मिरचीही अमेरिका खंडातली. शब्दांचा हा संसार मला भाषेची शिक्षिका म्हणून फार आवडतो. पण या यादीत वेळणेश्वरचे काय, असे विचारले तर उत्तर अवघड होते. गहू कोकणात होत नाही. हरभरा घाटावरचा, बटाटा घाटावरचा, तेल डब्यातले. वहिनींच्या परसातल्या माडाचे चटणीतले खोबरे, एवढाच काय तो गावचा वाटा. तांदूळ आणि नाचणी पिकवणारा मुलूख सकाळी मैदा खाऊन कामाला जातो. आणि तांदळाचा घावन? तो पाहुण्यांच्या पानात जातो. पर्यटकांसाठी खोल्या देणाऱ्या घरांतून 'खास कोकणी न्याहारी' म्हणून त्याचे चांगले पैसे येतात. ते पैसे करणाऱ्या बाईच्या हाती पडत असतील तर माझी त्याला काडीचीही हरकत नाही.

पोटाचे म्हणाल तर, एका वडापावात सुमारे ३०० किलोकॅलरी ऊर्जा असते. ऊर्जेचे प्रमाण कमी नाही, पण मैदा आणि बटाटा दोन्ही लवकर जिरतात. माझा अनुभव असा की, साडेदहाला तिसऱ्या तासाला केशवसुतांवर बोलताना पोटातून निराळीच तुतारी ऐकू येई. मऊभाताने असे कधी केले नव्हते. शिवाय तेल. तेच तेल पुनःपुन्हा तापवले की त्यात घातक द्रव्ये साठत जातात. म्हणून केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यावर मर्यादा घातली. तेलातली अशी द्रव्ये पंचवीस टक्क्यांवर गेली की ते तेल टाकून द्यायचे. पण ही टक्केवारी मोजायची कोणी? तिठ्यावर काही प्रयोगशाळा नसते. वहिनी रंग पाहतात. तेल काळसर झाले की मशेरीसारखे दिसते आणि मग त्या ते काढून टाकतात. मी पाहिले आहे म्हणून सांगते. सगळीकडे असे होते असे नाही. वर्तमानपत्राच्या कागदात खाणे देऊ नये, शाई पोटात जाते, असेही त्याच प्राधिकरणाने २०१६ साली बजावले. वहिनी आता कोऱ्या कागदाचे चौकोन ठेवतात. प्रकृतीला ते हितकर आहे. मात्र पूर्वी वड्याबरोबर कधी अर्धा अग्रलेख, कधी शब्दकोड्याची उत्तरे वाचायला मिळत. ते वाचन संपले.

माझ्यासारख्या पगारदार बाईने महिनाभर वडापाव खाऊन पाहणे हा एक हौसेचा प्रयोग झाला. गाडीतल्या मुलींचे तसे नाही. डोंगरातल्या वाड्यांवरून अर्धा-पाऊण तास चालत त्या गाडीच्या रस्त्याला येतात. घरून निघताना काळा चहा घेतलेला असतो. आई रात्रीच कोणाच्या तरी वाडीत, नाहीतर काजूच्या कारखान्यात कामाला जाऊन दमलेली असते. पहिल्या तासाला मान खाली टाकून बसणाऱ्या मुलीला पूर्वी मी आळशी समजणाऱ्या प्राध्यापकांची मते ऐकत असे. आता मला तिठ्यावर कोण उतरले आणि कोण गाडीतच बसून राहिले, एवढे दिसते. दुसऱ्या वर्षाची एक हुशार मुलगी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उतरत नाही. "भूक नाही, मॅडम," असे ती सांगते. पंधरा रुपये गुणिले सहा, म्हणजे नव्वद. सवलतीचा पास तिला कॉलेजपर्यंत पोचवतो. पोटाची त्यात सोय नाही. सरकारी शाळांत मुलांना दुपारचा पोषण आहार मिळतो, पण तो आठवीपर्यंत. पुढे भूक संपते असे कोणी ठरवले, देव जाणे. आमच्या विभागातल्या दोघी-तिघींनी आता एक साधी गोष्ट केली आहे. शिक्षकांच्या खोलीत पोह्यांचा, गुळाचा आणि शेंगदाण्यांचा एक डबा ठेवतो. त्याला कुलूप नाही आणि वही नाही. डबा आठवड्यात दोनदा भरावा लागतो.

वहिनींची स्वतःची मुलगी याच गाडीने येते. ती वडा खात नाही. तिच्या डब्यात नाचणीची भाकरी असते, आणि वहिनी स्वतःही नऊ वाजता गर्दी ओसरल्यावर तीच भाकरी चहात बुडवून खातात. "इतक्या वर्षांत वासानंच पोट भरतंय," असे त्यांचे म्हणणे.

या टपरीचा आणि गाडीचा संसार किती एकमेकांत गुंतलेला आहे, हे २०२१ च्या दिवाळीत कळले. ऑक्टोबरअखेर एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या आधीचे दीड वर्ष करोनाने नेलेले. गाडी नाही म्हणजे तिसरा घाणा नाही, तिसरा घाणा नाही म्हणजे पहिलाही परवडत नाही. वहिनींनी शेगडी घरी नेली. मुले कोणाच्या दुचाकीवर, कोणाच्या टेम्पोत, कोणी पायी अशी येत होती, आणि पुष्कळशी येतच नव्हती. संप मिटून पहिली गाडी आली त्या सकाळी वहिनींनी ड्रायव्हर-कंडक्टरकडून पैसे घेतले नाहीत, असे सांगतात.

माझा महिना कधीच उलटून गेला. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार वडापाव आणि मधल्या दिवशी दडप्या पोह्यांचा डबा, अशी वाटणी झाली आहे. पोहे रात्री मी दडपते, सकाळी यजमान फोडणी देतात. सासूबाईंनी वडा अजून तोंडात घातलेला नाही. मात्र परवा त्यांनी सहज विचारले, "तिची ती चटणी सुकी असते का ओली?" सुकी, म्हटले. "मग टिकत असेल," एवढे बोलून त्या पुन्हा माळ ओढू लागल्या.

आमच्याकडे दिवाळीची पहिली सकाळ पोह्यांची असते. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले, अंगणात पायाखाली कारीट फुटले, की नव्या भाताच्या पोह्यांचा फराळ. गोडे पोहे, तिखट पोहे, दहीपोहे, दुधातले, ताकातले, दडपे. एका घरचे संपले की दुसऱ्या घरी. वस्तीची गाडी त्या रात्रीही गावात मुक्कामाला असतेच. ड्रायव्हर आणि कंडक्टर आपापली घरे सोडून देवळाच्या आवारात झोपलेले असतात. त्यामुळे पहाटेपासून त्यांच्याकडे वाट्यांची रीघ लागते. गेल्या वर्षी गाडी सुटायच्या वेळी मी सासूबाईंनी दिलेली वाटी घेऊन गेले, तेव्हा कंडक्टरच्या पुढ्यात निदान नऊ वाट्या होत्या. त्याने दहावी हात जोडून घेतली आणि हळूच विचारले, "मॅडम, तिठ्यावरच्या वहिनी आज चालू आहेत का हो?"

त्या दिवशी त्या बंद असतात.